पांढरीवर कुणाचं नाव?

जेवणं आटोपून, भांडी पालथी घालून रेडिओजवळ बसला असाल. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी लेकराला थोपटत असेल. हातातलं काम चालू द्या आणि कान इकडे द्या. आज आपण घराबद्दल बोलणार आहोत.

पडकी भिंत उतरवून नवी घ्यायची असते. मागच्या बाजूला एक खोली काढायची असते. मोरी आणि संडास बांधायचा असतो. गटातून कर्ज मिळतं, गवंडी ठरतो, आणि मग कुणीतरी विचारतं, "परवानगी काढली का?" तिथून ग्रामपंचायतीच्या चकरा सुरू होतात. हा परवानगीचा कागद आला कुठून, कधी आला आणि त्यावर बाईचं नाव का नसतं, याचा इतिहास आज आम्ही तुमच्यापुढे मांडतो. इतिहास म्हणजे नुसते राजे आणि लढाया नाहीत. आपल्या दोन खणांच्या घरालाही इतिहास आहे.

सुरुवात आमच्याच गटातल्या एका मावशीपासून करू. लातूर-धाराशिवकडचं आमचं गाव. मावशींचं जुनं माळवदाचं घर. एका पावसाळ्यात मागची भिंत फुगली. गटानं ४०,००० रुपयांचं कर्ज मंजूर केलं. मावशी अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेल्या. तिथल्या भाऊसाहेबांनी वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "मावशी, घर तुमच्या नावावर नाही. मालकाला पाठवून द्या."

मावशी म्हणाल्या, "मालकाला जाऊन ६ वर्षं झाली भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी पुन्हा वही बघितली. तिथं मालकांचंही नाव नव्हतं. सासऱ्यांचं होतं. ते तर त्याच्याही आधी गेले होते. ३० वर्षं त्या घराची घरपट्टी मावशी भरत आल्या, आणि प्रत्येक पावतीवर सासऱ्यांचं नाव होतं.

आम्ही गटाच्या बाया त्या दिवशी मावशींसोबत होतो. परत येताना एकच प्रश्न डोक्यात होता. एवढ्या वर्षांत ही वही कुणी बदलली कशी नाही? उत्तर शोधायला लागलो तर फार मागं जावं लागलं.

काळी आणि पांढरी

जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगायची. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. पिढ्यान् पिढ्या मातीची घरं बांधली गेली, पडली, त्याच जागी पुन्हा बांधली गेली. राख, चुना, शेण, पडक्या भिंतींची माती, असं सगळं मिसळून वस्तीची जमीन उंच आणि पांढुरकी झाली. आपल्याकडं माळवदावर जी पांढरी माती टाकतात, ती हीच. आजोबांचं घर पडून झालेली माती नातवाच्या माळवदावर चढायची.

त्या काळी घर बांधायचं तर कागद नव्हता. पाटलाच्या कानावर घालायचं, शेजारच्याला विचारायचं, पाणी कुणाच्या दारात उतरतं ते बघायचं. वळचणीच्या पाण्यावरून आणि सामाईक भिंतीवरून भांडणं तेव्हाही होती. ती गोताच्या बैठकीत मिटायची आणि मोठी असली तर त्याचा महजर व्हायचा, म्हणजे सगळ्यांच्या साक्षीनं लिहिलेला निवाडा. पण ही व्यवस्था सगळ्यांसाठी सारखी नव्हती हेही सांगितलं पाहिजे. महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर होता. तिथल्या माणसाला पांढरीत जागा नव्हती आणि बैठकीत मान नव्हता. बाईचं म्हणाल तर भिंती सारवायची ती, चूल मांडायची ती, पण जागेचं बोलणं पुरुषांत व्हायचं.

शेत मोजलं, घर सोडलं

मग इंग्रजांचा अंमल आला. त्यांना हवा होता शेतसारा. सारा बसवायचा तर शेत मोजायला पाहिजे. १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मोजणीची नवी पद्धत बसवली. साखळी घेऊन माणसं शेतातून फिरली. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, प्रतवारी लागली, आकार ठरला. पुढं हीच पद्धत मुंबई इलाखाभर गेली. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथंही सालारजंगाच्या कारभारात मुंबईच्याच धर्तीवर मोजणी सुरू झाली.

या मोजणीत एक गोष्ट झाली, तिचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत. वस्तीच्या जमिनीवर पीक नाही, म्हणून शेतसारा नाही. सारा नाही म्हणून प्रत्येक घराची मोजणी नाही. नकाशावर गावठाणाची बाहेरची रेघ ओढली आणि आतलं सगळं तसंच सोडून दिलं. पुढं शहरांची आणि काही मोठ्या गावांची घरनिहाय मोजणी झाली, पण लहान गावं राहूनच गेली.

म्हणून आपल्याकडं शेताचा सातबारा असतो आणि घराचं काही नसतं. अर्धा एकर कोरडवाहूचा उतारा तलाठ्याकडं मिळतो, पण ज्या घरात आपण जन्मलो किंवा नांदायला आलो, त्याची लांबी-रुंदी सरकारच्या कुठल्याच नकाशात नाही. सरकारचा कागद पैशाच्या मागं गेला. जिथून वसूल येतो ते मोजलं गेलं.

परवानगी आली ती हवा आणि गटारासाठी

घराच्या परवानगीची कल्पना मालकीतून आली नाही, ती आरोग्यातून आली. एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथी यायच्या. पिण्याच्या पाण्यात घाण मिसळू नये म्हणून १८८९ साली मुंबई इलाख्यात ग्राम स्वच्छतेचा कायदा झाला. मग १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षांत गावोगाव पसरला. लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. अंधारी, दाटीची, खिडकी नसलेली घरं माणसाला मारतात, हे साऱ्यांना कळलं. शहरांत बांधकामाचे नियम कडक झाले. खिडकी किती, दोन घरांत अंतर किती, सांडपाणी कुठं सोडायचं. आज आपल्या अर्जासोबत जो नकाशा मागतात, त्याचं मूळ इथं आहे.

१९२० साली मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतीचा कायदा झाला. गावातले प्रौढ पुरुष पंच निवडून देतील असं त्यात होतं. पुरुष. कायद्याच्या पुस्तकातच तसं लिहिलेलं होतं. गटारीची आणि रस्त्याची चर्चा सुरू झाली तेव्हा गटारीशी रोज गाठ पडणारी बाई त्या चर्चेत नव्हती.

स्वातंत्र्य मिळालं. १९४८ च्या सप्टेंबरात मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला आणि १९५६ साली मुंबई राज्यात आला. १९५८ साली ग्रामपंचायतीचा नवा कायदा झाला आणि तो १ जून १९५९ पासून लागू झाला. आजही आपल्या ग्रामपंचायती त्याच कायद्यावर चालतात. त्याचं कलम ५२ लक्षात ठेवा. गावाच्या हद्दीत कुठलीही इमारत बांधायची किंवा पाडून पुन्हा बांधायची तर ग्रामपंचायतीची आधी परवानगी लागते, असं ते कलम सांगतं. ग्रामपंचायतीला नकार द्यायचा असेल तर नुसतं "होत नाही" म्हणून चालत नाही. नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं.

त्याच कायद्यानं ग्रामपंचायतीला घरपट्टी बसवायचा अधिकार दिला. पट्टी बसवायची तर वही पाहिजे. ती वही म्हणजे नमुना ८, कर आकारणीची नोंदवही. घर क्रमांक किती, भिंत दगडाची की विटांची, छप्पर कशाचं, लांबी-रुंदी किती, पट्टी कोण भरणार, हे त्यात लिहितात. ही वही पट्टीसाठी आहे, मालकी ठरवायला नाही. कोर्टात नुसता नमुना ८ मालकीचा पुरावा म्हणून पुरत नाही. पण गावात दुसरा कागदच नव्हता. म्हणून बँक, सोसायटी, घरकुल, वीज मीटर, नळ आणि बांधकाम परवानगी, सगळ्यांनी नमुना ८ च मागितला. पट्टीची वही हीच हळूहळू मालकीची वही होऊन बसली.

आणि वहीत नाव कुणाचं? कर्त्या पुरुषाचं. तो गेला तरी त्याचंच. कारण पट्टी भरली जात होती आणि वही बदलायला कुणी सांगत नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३

आता जी गोष्ट सांगायची, ती आपल्या भागात कुणाला नवी नाही. १९९३ च्या २९ सप्टेंबरला गणपती विसर्जन झालं. लोक रात्री उशिरा झोपले. पहाटे ४ वाजायला काही मिनिटं असताना किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे ८,००० माणसं गेली.

आमच्यातल्या काही जणी तेव्हा परकरात होत्या. आठवतं ते एवढंच, की मोठी माणसं हातानं दगड उपसत होती.

माणसं मेली ती घरांमुळं. आपली घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती. पण आतली आणि बाहेरची फळी वेगळी, मध्ये लहान दगड आणि चिखल भरलेला. दोन फळ्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद, आणि दर पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा थर टाकायची पद्धत. वर्षानुवर्षं थर चढत गेले, जुनी माती कुणी उतरवली नाही. उन्हाळ्यात गार राहणारं, पिढ्यांनी जपलेलं घर त्या रात्री अंगावर आलं. हलक्या छपराच्या झोपडीतली बरीच माणसं वाचली.

सर्वांत जास्त पडलेली ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. नव्या घरांचे तीन आकार ठरले, २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. भूमिहीन आणि अगदी थोड्या शेताच्या माणसाला लहान घर, मोठ्या शेतकऱ्याला मोठं. म्हणजे घराचं माप पुन्हा शेतावरून ठरलं. घरात माणसं किती, लेकरं किती, म्हातारी कुठं झोपेल, याचा हिशेब त्यात नव्हता. शिवाय नवी गावं ओळीनं आखलेली, सरळ रस्त्यांची. जुन्या गल्लीत उंबऱ्यावर बसून शेजारणीशी बोलता यायचं, ते गेलं. पुढं बायांनी त्या घरांना पत्र्याची शेड काढली, पुढं ओटा केला, मागं चूल मांडली. घरातली दुरुस्ती बाईच्या गरजेतून सुरू होते, हे तेव्हाही दिसलं.

पण दुसरी एक गोष्ट घडली, ती आपल्या इतिहासात सोन्यानं लिहावी अशी. या ५२ गावांबाहेर हजाराहून जास्त गावांत घरांना तडे गेले होते. तिथं घरं पाडायची नव्हती, दुरुस्त आणि मजबूत करायची होती. पैसा सरकारकडून हप्त्यानं, काम मालकानं करून घ्यायचं. वाळू, सिमेंट, गवंडी, इंजिनिअरची तपासणी, मग पुढचा हप्ता. लोकांना नियम कळेनात. हप्ते अडकायला लागले. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या महिला मंडळांतून बाया निवडल्या गेल्या. त्यांना नाव मिळालं 'संवाद सहायक'.

या बाया शिकलेल्या इंजिनिअर नव्हत्या. काही जणींना सही पुरती यायची. पण त्यांनी भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा, भिंतीवरून काँक्रीटचा पट्टा कसा फिरवायचा, माळवदावरची जास्तीची माती का उतरवायची, हे शिकून घेतलं आणि घरोघर सांगितलं. गवंड्याला "इथं गज कमी आहे" म्हणायची हिंमत त्यांच्यात आली. ऑफिसात जाऊन "याचा दुसरा हप्ता का थांबला" हे विचारलं. २००१ साली गुजरातेत भूकंप झाला तेव्हा आपल्याकडच्या बाया तिकडं कच्छला गेल्या आणि तिथल्या बायांना हेच शिकवून आल्या. किल्लारीच्या मातीतून उठलेली बाई भुजच्या बाईला घर कसं बांधायचं ते सांगत होती.

आम्ही आज बचत गटात जे करतो, त्याची वाट या बायांनी पाडली. तरी एक गोष्ट राहिली. भिंतीत त्यांचा हात होता, बऱ्याच ठिकाणी वहीत त्यांचं नाव नव्हतं.

नाव लागायला कधी सुरुवात झाली

नावाची लढाई आधी शेतावर सुरू झाली होती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला आणि मुलीला वारसा मिळाला. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच वाटा दिला. १९८६ साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन नाशिक जिल्ह्यात चांदवडला भरलं. त्यानंतर शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. ज्या गावात १०० शेतकरी आपल्या बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करतील, ते गाव लक्ष्मीमुक्तीचं गाव. अनेक गावांत शेतकऱ्यांनी खरंच नावं लावली.

घराची पाळी नंतर आली. १९८५ च्या सुमारास इंदिरा आवास योजना सुरू झाली. आधी अनुसूचित जाती-जमाती आणि वेठबिगारीतून सुटलेल्या कुटुंबांसाठी. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं, त्यांना पक्क्या भिंती मिळायला लागल्या. घरकुल बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर द्यावं असा नियम त्यात आला. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेतही तेच सूत्र राहिलं.

मग २००३ साली महाराष्ट्राच्या ग्रामविकास विभागानं ठरवलं, की ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करायची. महिला राजसत्ता आंदोलनासारख्या संघटनांनी 'घर दोघांचं' म्हणत हा निर्णय गावोगाव नेला. ग्रामसभेत बाया उठल्या, नावं लागली. काही गावांत घराच्या दारावर दोघांच्या नावाची पाटी झळकली. पण बऱ्याच गावांत तो कागद फायलीत राहिला. आमच्या गावात तो असाच राहिला होता. मावशींचा प्रश्न पुढं येईपर्यंत आम्हीही त्याकडं बघितलं नव्हतं. ही चूक आमची, हे इथं कबूल करतो.

आकाशातून मोजणी

आता अगदी अलीकडचं. दोनशे वर्षं जे मोजलं गेलं नाही, ते पांढरीचं माप आता घेतलं जातं आहे. पुरंदर तालुक्यात मल्हारगडाच्या पायथ्याला सोनोरी नावाचं गाव आहे. महाराष्ट्रात ड्रोननं गावठाण मोजायचा पहिला प्रयोग तिथं झाला. पुढं २४ एप्रिल २०२० ला, पंचायत राज दिनी, केंद्रानं स्वामित्व योजना जाहीर केली आणि हे काम देशभर सुरू झालं.

काम असं चालतं. आधी गावात दवंडी आणि ग्रामसभा होते. मग प्रत्येकानं आपल्या घराच्या हद्दीवर चुन्याची फक्की टाकायची. वरून ड्रोन फिरतो, फोटो घेतो. त्यावरून नकाशा होतो. मग चौकशी होते, घर कुणाचं, हद्द कुठवर. शेवटी मिळकत पत्रिका मिळते, तिलाच आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. शेताला जसा सातबारा, तशी घराला ही पत्रिका.

इथं कान टवकारा. चौकशीत घरमालकाचं नाव कुठून घेतात? ग्रामपंचायतीच्या त्याच नमुना ८ च्या वहीतून. म्हणजे जी वही फक्त पट्टीसाठी होती, तिच्यातलं नाव आता मालकीच्या कागदावर चढतं. वहीत एकट्या पुरुषाचं नाव असेल तर पत्रिकेवर एकट्याचं येईल. मेलेल्या सासऱ्याचं असेल तर वाद येईल. नमुना ८ वर नाव बदलायला ग्रामपंचायतीत जावं लागतं. मिळकत पत्रिकेवर बदलायला तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जावं लागतं. एस.टी. चं भाडं आणि बुडालेली मजुरी कुणाची, ते तुम्हीच सांगा.

परवानगीचंही असंच झालं आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली. त्यानंतर गावात १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायचं तर परवानगीची वाट बघत बसायची गरज उरली नाही. मालकीचा कागद, जागेचा आणि घराचा नकाशा, आणि घर नियमाप्रमाणे असल्याचा परवानाधारक इंजिनिअरचा दाखला जोडून ग्रामपंचायतीला कळवायचं आणि विकास शुल्क भरायचं. ऐकायला सोपं आहे. पण यादीतला पहिला शब्द बघा, मालकीचा कागद. परवानगी सोपी झाली, पण ती त्याच्यासाठी, ज्याचं नाव कागदावर आहे. आपली अडचण परवानगीच्या नियमात आता फारशी नाही. ती नावात आहे.

मग आपण काय करायचं

इतिहास ऐकून नुसतं हळहळायचं नाही. गटाच्या बायांनी पुढची कामं घ्यावीत असं आम्हाला वाटतं.

पहिलं, प्रत्येकीनं आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा काढावा. २०१५ च्या सेवा हक्क कायद्यात हा उतारा येतो, म्हणजे ठरलेल्या मुदतीत तो द्यावाच लागतो. घर क्रमांक, मोजमाप आणि नाव वाचून बघावं. वाचता येत नसेल तर गटात मोठ्यानं वाचून घ्यावं.

दुसरं, वहीत मेलेल्या माणसाचं नाव असेल तर आधी वारस नोंद करून घ्यावी. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि अर्ज द्यावा. नवरा हयात असेल तर दोघांच्या नावाचा अर्ज द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. तोंडी अर्जाला तोंडीच उत्तर मिळतं.

तिसरं, भिंत पाडायच्या आधी परवानगीचा अर्ज द्यावा. रंग देणं, जमीन सारवणं, पत्रा बदलणं वेगळं. भिंत नव्यानं उभी करणं, खोली वाढवणं, वर मजला चढवणं वेगळं. शेजाऱ्याची सामाईक भिंत असेल तर त्याच्याशी आधी बोलावं आणि ते लिहून घ्यावं. पायरी, ओटा, संडासाचा खड्डा रस्त्यात येत नाही ना, हे टेप लावून बघावं. गावठाणाबाहेर, म्हणजे शेतात घर असेल तर नियम वेगळे आहेत, त्याची चौकशी तहसीलमध्ये करावी. सरकारी जागेवर राहतं घर असेल तर घाबरून गप्प बसू नये. पात्र कुटुंबांची अशी घरं नियमित करायचा निर्णय शासनानं २०१८ साली घेतला आहे.

चौथं, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, हे कायद्यात आहे. तिच्यात एकच विषय ठेवा. "आपल्या गावात नमुना ८ वर दोघांची नावं किती घरांना आहेत?" आकडा मागा. आकडा वाचून दाखवायची वेळ आली की काम हलतं.

पाचवं, गावात ड्रोनची मोजणी यायची असेल तर चुन्याची फक्की आपण हातात घ्यावी. त्या दिवशी मजुरीला जाऊ नये. आपल्या घराची हद्द आपल्यापेक्षा चांगली कुणाला माहीत आहे? रोज अंगण झाडतो ते आपणच.

आणि हो, घर मजबूत बांधा. कागद पक्का आणि भिंत कच्ची असं नको. आपल्या भागात भूकंप पाहिलेल्या बाया अजून आहेत, त्यांना विचारा.

आता मावशींचं काय झालं ते सांगतो. वारस नोंदीला अर्ज दिला तर दिरांनी हरकत घेतली. घर दोघा भावांचं होतं, ते खोटं नव्हतं. भाऊसाहेबांनी फाईल बाजूला ठेवली. तो पावसाळा मावशींनी फुगलेल्या भिंतीला टेकू देऊन आणि वर ताडपत्री टाकून काढला. रात्री पाऊस आला की त्या पोरांना घेऊन देवळाच्या ओसरीवर जायच्या. आम्ही दिरांच्या घरी तीनदा गेलो. दिरांपेक्षा जावेशी बोललो. शेवटी जाऊच म्हणाली, "त्यांचं नाव लागू द्या, पण आमच्या हिश्शाला माझंही लावा."

असं ११ महिन्यांनी काम झालं. एका घराच्या दोन नोंदी झाल्या. एकीवर मावशी आणि त्यांची मुलं, दुसरीवर दीर आणि जाऊ. मग परवानगीला वेळ लागला नाही. आता मागं विटांची खोली आहे, शेजारी न्हाणीघर आहे. माळवदाची माती उतरवली, ती पांढरी माती मावशींनी टाकून दिली नाही. परसात अंथरली आणि तिथं भोपळ्याचा वेल लावला.

परवा त्या बैठकीला घरपट्टीची पावती घेऊन आल्या. सगळ्या गटात फिरवली. एक पोरगी म्हणाली, "मावशी, पट्टी भरल्याचा एवढा आनंद कुणाला होतो का?" मावशी म्हणाल्या, "पट्टी मी ३० वर्षं भरते गं. पावती पहिल्यांदा मिळाली."

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना बचतीच्या पासबुकासोबत आपापल्या घराचा नमुना ८ घेऊन या. आपण एकत्र बसून वाचू. नमस्कार.